ब्रिटिश मालिका अमेरिकेत नेताना आधी काय उचलायचं?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. ‘द ऑफिस’ ही ब्रिटिश मालिका अमेरिकेत गेली आणि नऊ सीझन चालली. ‘कपलिंग’ जवळजवळ मूळच्याच संहिता घेऊन गेली आणि चार भाग दाखवून बंद झाली. तुमचे सर म्हणतात, ब्रिटिश विनोद कोरडा असतो, अमेरिकन प्रेक्षकाला तो झेपत नाही. मग पहिली कशी झेपली? आणि सहा भागांची एखादी ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकेसाठी बेतून दाखवा असा प्रकल्प तुमच्या गळ्यात पडलाय, तर सुरुवात कुठून करायची?

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी अमेरिकेत काम केलेलं नाही. मालिका एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बेतणं हा माझा धंदा. बहुतेक मराठीतून हिंदीत, कधी दक्षिणेकडची मराठीत. पण अंधेरीतल्या कुठल्याही चॅनेलच्या मीटिंगला बसा, अर्ध्या तासात कुणीतरी ‘द ऑफिस’चं नाव काढतंच. म्हणून मूळ आणि रूपांतर शेजारीशेजारी लावून बघायची सवय मला लागली. ब्रिटन-अमेरिका ही जोडी शिकायला फार सोयीची आहे, कारण दोन्हीकडे भाषा एकच. आमच्यासारखं ‘भाषांतरात मजा गेली’ असं म्हणून सुटता येत नाही. जे बिघडलं ते लिहिण्यात बिघडलं.

सरांचं म्हणणं साफ खोटं नाही, पण त्याचा कामात उपयोग नाही. ‘मॉन्टी पायथन’ ही ब्रिटिश विनोदी मालिका 1974 पासून अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या केंद्रांवर लागायला लागली आणि तिला तिथे अक्षरशः वेडा प्रेक्षक मिळाला. ‘फॉल्टी टॉवर्स’ही तिकडे आवडीने पाहिलं गेलं. म्हणजे ब्रिटिश म्हणून समोर आलेला ब्रिटिश विनोद अमेरिकन माणसाला कळतो. अडचण येते ती हीच गोष्ट ‘तुमच्याच गावात घडतेय’ म्हणून सांगायला गेलं की. पाहुणा विक्षिप्त वागला तर आपण मजेने बघतो. घरातला माणूस तसाच वागला तर लगेच विचारतो, ‘याला झालंय काय?’ रूपांतरात नेमकं या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

म्हणून मूळ संहिता हातात आली की पहिल्या वाचनात मी विनोदांकडे बघतच नाही. समासात एकच गोष्ट टिपत जातो: हा माणूस इथून निघून का जात नाही? सिटकॉम, विशेषतः ब्रिटिश सिटकॉम, हा अडकलेल्या माणसांचा खेळ असतो. नोकरीत, लग्नात, बापाच्या घरात, स्वतःच्या खोट्या प्रतिष्ठेत अडकलेली माणसं. ती कोंडी कशाने झालीय ते सापडलं की मग विचारायचं, नव्या जागी हीच कोंडी कशाने होईल? जुनं कारण तिथे लागू पडतं का? नसेल तर तितकंच घट्ट धरून ठेवणारं दुसरं कारण तिथे आहे का?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘स्टेप्टो अँड सन’. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन यांनी बीबीसीसाठी लिहिलेली, 1962 सालची. पश्चिम लंडनमध्ये भंगार गोळा करणारे बाप-लेक. मुलाला वर जायचंय, पुस्तकं वाचायचीत, चार चांगल्या लोकांत बसायचंय. बाप त्याला सोडत नाही. पहिल्याच भागात मुलगा घर सोडायला निघतो, सामान गाडीवर चढवतो. बाप घोडा द्यायला नकार देतो. मुलगा स्वतः गाडी ओढायला जातो, ती जागची हलत नाही, आणि हा धाय मोकलून रडतो. विनोदी मालिकेचा पहिला भाग, बरं का! ब्रिटिश प्रेक्षकाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. वर्ग नावाची गोष्ट त्या गाडीला बांधलेली आहे हे त्याला दिसतं.

1965 मध्ये अमेरिकेत गोरे नट घेऊन याचा पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुना भाग, झाला. त्याची मालिका झाली नाही. पुढे नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी तेच कथानक लॉस एंजलिसच्या वॉट्स भागात नेलं, बाप-लेक कृष्णवर्णीय केले, बापाच्या भूमिकेत रेड फॉक्सला घेतलं, आणि 1972 मध्ये एनबीसीवर ‘सॅनफर्ड अँड सन’ सुरू झाली. ती 1977 पर्यंत चालली. माझं वाचन असं: अमेरिका स्वतःबद्दल जी गोष्ट सांगत आलीय, तिच्यात कष्टाळू तरुण कुठूनही उठून कुठेही जाऊ शकतो. त्या गोष्टीत गोरा, धडधाकट मुलगा भंगारात का रुतलाय याचं उत्तर मिळत नाही. तो आळशी तरी वाटतो किंवा विचित्र तरी. वॉट्समध्ये 1965 साली मोठा उद्रेक झाला होता, ते नाव देशाला ठाऊक होतं. तिथला तरुण का अडकलाय हे 1972 च्या प्रेक्षकाला न सांगता कळत होतं. वर्गाच्या जागी वंश आला, आणि गाडी पुन्हा तितकीच जड झाली.

लिअरने याच्या आधी, जानेवारी 1971 मध्ये, सीबीएसवर ‘ऑल इन द फॅमिली’ आणली होती, तीही ब्रिटिश मालिकेवरून. मूळ ‘टिल डेथ अस डू पार्ट’, लेखक जॉनी स्पाइट. पूर्व लंडनमधला आल्फ गार्नेट: कामगार, तरी हुजूर पक्षाचा, राणीचा भक्त, वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा भक्त, आणि परक्या माणसाचा द्वेष्टा. यातली राणी अमेरिकेत नेता येत नाही. लिअरने ती नेली नाही, तिच्यासाठी पर्यायी दैवतही शोधत बसला नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आर्ची बंकर उभा केला. मुळातला जावई लिव्हरपूलचा समाजवादी. इथला जावई पोलिश वंशाचा विद्यार्थी, डाव्या विचारांचा. दोन्हीकडे तरुण जोडप्याकडे स्वतंत्र घराला पैसे नाहीत, म्हणून ते सासऱ्याच्या छताखाली. ही गाठ लिअरने जशीच्या तशी ठेवली, आणि शहाणपणा इथेच आहे. वादाचे विषय सगळे बदलले, पण वाद घालणाऱ्यांना एकमेकांपासून लांब जाता येत नाही हे बदललं नाही.

उलटं उदाहरण ‘फॉल्टी टॉवर्स’चं. टॉर्कीमधलं हॉटेल, 1975 आणि 1979 मध्ये मिळून अवघे बारा भाग. अमेरिकेने त्यावर तीनदा हात मारला. 1978 चा पायलट, 1983 मध्ये एबीसीवरची ‘अमांडाज’, 1999 मध्ये सीबीएसवरची ‘पेन’. एकही टिकली नाही. ‘अमांडाज’मध्ये हॉटेलची मालकीण म्हणून बी आर्थर होती, म्हणजे नट कमी पडला असं म्हणता येणार नाही. पण तिथे मालकीण विधवा आहे. मूळचा हॉटेलमालक बेसिल फॉल्टी दर भागात खोटं का बोलतो? बायकोला, सिबिलला, कळू नये म्हणून. घोड्यावर लावलेले पैसे, गावठी गवंड्याकडून स्वस्तात करून घेतलेलं काम, सगळं बायकोपासून लपवायचं. तो धाक काढून टाकला की उरतो फक्त गिऱ्हाइकांवर खेकसणारा हॉटेलवाला, आणि त्याच्या खेकसण्यात कसली घालमेल नाही.

आमच्याकडचा एक अनुभव सांगतो, कारण मला हे तिथे कळलं. मुंबईच्या चाळीतली एक मराठी मालिका आम्ही उत्तरेकडच्या शहरात नेत होतो. चाळीत दोन भांडणारी कुटुंबं एकाच गॅलरीत राहतात, कारण पागडीची खोली सोडली तर मुंबईत दुसरी मिळणार नाही. हे कारण पहिल्या भागात कुणी उच्चारतही नाही. उत्तरेत तशी चाळ नाही, तसे भावही नाहीत. चॅनेलचा आग्रह होता, बोली बदला, सण बदला, झालं. पण मग ती माणसं एकमेकांच्या तोंडाला तोंड देत एकत्र का राहतात? शेवटी आम्ही वाड्याच्या वाटणीचा कोर्टात रखडलेला दावा आणला. जो आधी घर सोडेल त्याचा हक्क लंगडा पडेल, ही भीती. त्यानंतर मूळचे निम्मे प्रसंग आपोआप बसले.

आता ‘द ऑफिस’. रिकी जर्व्हेज आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ मालिका बीबीसी टूवर जुलै 2001 मध्ये आली. लंडनजवळच्या स्लावमधली कागद विकणारी कंपनी. अमेरिकेत ग्रेग डॅनियल्सने ती पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला नेली आणि 24 मार्च 2005 ला एनबीसीवर पहिला भाग लागला. तो पहिला भाग मूळच्या पहिल्या भागाची जवळजवळ नक्कल आहे. जेलीत बुडवलेला स्टेपलर आहे, रिसेप्शनिस्टला खोटंखोटं कामावरून काढण्याची ती भयंकर गंमतही आहे. तुम्ही दोन्ही लागोपाठ पाहा. अमेरिकन भाग वाईट नाही, पण दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा दिसतो. दुसऱ्या भागापासून त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं, आणि तो भाग कशावर आहे? कंपनीने वंशभेदावर भरवलेल्या प्रशिक्षणावर. तिसरा भाग? कर्मचाऱ्यांसाठी स्वस्तातली आरोग्य विमा योजना निवडण्यावर.

तो तिसरा भाग मी शिकवताना हमखास दाखवतो. ब्रिटनमध्ये तो लिहिताच आला नसता, कारण तिथे दवाखाना सरकारी आरोग्यसेवेचा. नोकरी गेली म्हणून उपचार जात नाहीत. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. स्लावच्या ऑफिसातला विक्रेता टिम नोकरी का सोडत नाही? मनाचा हिय्या होत नाही म्हणून, आणि त्याला आवडणारी रिसेप्शनिस्ट डॉन तिथे बसते म्हणून. स्क्रँटनमधल्या जिमलाही पॅम आहेच. पण भोवतीच्या पंधरा माणसांना रोज त्या खुर्चीत आणून बसवणारं बळ अमेरिकन आहे, आणि लेखकांनी ते तिसऱ्याच भागात टेबलावर मांडलं.

इथवर कोंडीचं झालं. आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात: लांबी. मूळ ‘द ऑफिस’ बारा भाग आणि 2003 च्या नाताळातला दोन भागांचा शेवट, संपली. अमेरिकन मालिका 2013 पर्यंत चालली, 201 भाग. हा फरक नुसता आकड्यांचा नाही, त्याने पात्राचा स्वभाव बदलतो. मूळचा मॅनेजर डेव्हिड ब्रेंट याच्याबरोबर आपल्याला सगळे मिळून सात तासांच्या आसपास काढायचेत. तेवढा वेळ तो असह्य असला तरी चालतो. असह्य आहे म्हणूनच दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो नोकरीसाठी गयावया करतो तेव्हा पोटात कालवतं. अमेरिकेत त्याच्या जागी आलेल्या मायकल स्कॉटबरोबर मात्र दर आठवड्याला, वर्षानुवर्षं बसायचंय. ज्याच्याकडे बघून फक्त अंग चोरावंसं वाटतं, त्याच्या घरी कोण इतक्या वेळा जाईल?

पहिला सीझन अवघा सहा भागांचा होता आणि प्रतिसाद थंडच होता. दुसऱ्या सीझनमध्ये लेखकांनी जे केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पहिल्याच भागात रेस्टॉरंटमधली परकी माणसं मायकलची टर उडवतात, आणि एरवी त्याला वैतागलेले कर्मचारी त्याच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागतात. पुढे एका भागात तो एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर जेवायला जातो; वरिष्ठ बाईंना वाटतं याने घोळ घातला, आणि तो गप्पा मारत मारत सौदा जिंकतो. मॅनेजर म्हणून अडाणी, पण विक्रेता म्हणून पट्टीचा. म्हणजे हा माणूस या खुर्चीत कसा आला याचंही उत्तर मिळालं, आणि त्याच्यावर थोडी माया करायची सोयही झाली. मूर्खपणा तसूभर कमी केला नाही. ज्यांना हे गोडगोड वाटतं त्यांच्याशी मी भांडत नाही. मलाही मूळचे बारा भाग जास्त धारदार वाटतात. पण 201 भागांना ती धार झेपली नसती.

‘ऑल इन द फॅमिली’तही हेच झालंय. मूळची एल्स नवऱ्याला थंडपणे टोला हाणणारी. अमेरिकन ईडिथ भोळी, उबदार, घराला धरून ठेवणारी. दोन्ही बायका उत्तम लिहिल्यात. पण नऊ सीझन त्या दिवाणखान्यात बसायचं, तर कुणीतरी आपल्याला चहा विचारणारं हवं.

लांबीचाच धाकटा भाऊ म्हणजे मिनिटं. बीबीसीवर जाहिराती नसतात, अर्ध्या तासाचा भाग साधारण 28-29 मिनिटांचा. अमेरिकन नेटवर्कवर त्याच अर्ध्या तासात 21-22 मिनिटं हाती लागतात, आणि मध्ये जाहिरातींसाठी तोडायचं असल्याने प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी लोंबतं ठेवावं लागतं. संहितेतली सहा-सात मिनिटं काढायला बसलात की हात आधी कुठे जातो? गप्प बसलेल्या क्षणांकडे, कारण तिथे संवाद नसतो. आणि ब्रिटिश मालिकेत विनोद पुष्कळदा तिथेच असतो. म्हणून प्रसंग पातळ करून सगळे ठेवण्यापेक्षा एक उपकथानक अख्खं उचलून फेकावं. उरलेल्यांना श्वास घेता येतो.

‘कपलिंग’चं उत्तर यातच आहे, पण त्याला आणखी एक पदर आहे. स्टीव्हन मॉफटची ही मालिका बीबीसी टूवर 2000 मध्ये सुरू झाली. लंडनमधले सहा मित्र-मैत्रिणी आणि त्यांची प्रेमप्रकरणं. ब्रिटनमध्येच तिची तुलना ‘फ्रेंड्स’शी व्हायची. एनबीसीने ती सप्टेंबर 2003 मध्ये आणली, तेव्हा ‘फ्रेंड्स’चा शेवटचा सीझन त्याच चॅनेलवर, गुरुवारच्या त्याच रात्री चालू होता. चॅनेलला वारस हवा होता हे उघड आहे. पण या सहा जणांना कशाने बांधलंय? कुणाला कुणाचा धाक? जवळपास काहीच नाही. मूळ मालिका कोंडीवर उभी नव्हतीच, ती मांडणीच्या करामतीवर उभी होती: एकच प्रसंग दोन बाजूंनी, एकच संध्याकाळ मागेपुढे करून. अशी करामत घड्याळासारखी असते. 29 मिनिटांसाठी कसलेली, 22 मिनिटांत दाते सुटतात. त्यात प्रेक्षकाला सहा देखणे मित्र आधीच घरचे झालेले. नवे नट, जुने शब्द, कमी वेळ. ती विनोदाच्या चवीमुळे पडली असं मी म्हणणार नाही. तिच्यात अमेरिकेत नेण्यासारखं काय आहे, हेच कुणी ठरवलं नव्हतं असं दिसतं.

राजकीय मालिकांत हे सगळं आणखी स्पष्ट दिसतं, कारण तिथे कोंडी थेट राज्यघटनेने घातलेली असते. बीबीसीची ‘हाउस ऑफ कार्ड्स’ नोव्हेंबर 1990 मध्ये आली. पंतप्रधान थॅचरबाईंच्या राजीनाम्याचाच महिना. सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कट मंत्रिपद नाकारलं गेल्यावर पंतप्रधानाला खाली खेचतो आणि चार भागांत स्वतः त्या जागी बसतो. चार भाग पुरतात, कारण तिथे पक्षाचा नेता बदलला की पंतप्रधान बदलतो. जनतेकडे जावं लागत नाही. अमेरिकेत असं करून दाखवा! नेटफ्लिक्सने 2013 मध्ये फ्रँक अंडरवुड आणला तेव्हा लेखक बो विलिमनला अख्खा जिनाच नवीन बांधावा लागला. आधी उपराष्ट्राध्यक्षाची खुर्ची रिकामी करायची, म्हणजे त्या गृहस्थाला एका राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीकडे वळवायचं, त्यासाठी तिथला उमेदवार आधी उभा करायचा आणि मग संपवायचा. मग स्वतः उपराष्ट्राध्यक्ष व्हायचं. मग राष्ट्राध्यक्षाला राजीनाम्यापर्यंत न्यायचं. तेरा-तेरा भागांचे दोन सीझन, 26 भाग. कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाशी बोलणं मात्र सहीसही नेलं, कारण त्याला कुठल्याही घटनेची हरकत नाही.

अरमांडो यनूचीचं उदाहरण तर प्रकल्पात टाकाच. त्याच्या ‘द थिक ऑफ इट’चा अमेरिकन पायलट 2007 मध्ये एबीसीसाठी झाला आणि तिथेच थांबला. मुळात एका दुय्यम खात्याचा मंत्री पंतप्रधान कार्यालयातल्या एका शिवराळ गृहस्थाला चळचळा कापतो, हा सगळा डोलारा. पुढे यनूचीने स्वतः एचबीओसाठी 2012 मध्ये ‘वीप’ केली. तिला कुणी रूपांतर म्हणत नाही, पण माझ्या मते हेच खरं रूपांतर. त्याने वॉशिंग्टनमध्ये अशी खुर्ची शोधली जिच्यावर बसलेला माणूस सत्तेच्या सगळ्यात जवळ आणि तरी रिकाम्या हाताचा: उपराष्ट्राध्यक्ष. सेलिना मायर येता-जाता सेक्रेटरीला विचारते, ‘राष्ट्राध्यक्षांचा फोन आला होता?’ आणि उत्तर येतं, ‘नाही.’ पात्रं, प्रसंग, संवाद काही नेलं नाही. ती घुसमट नेली. सात सीझन.

अलीकडचं म्हणाल तर ‘घोस्ट्स’. बीबीसीवर 2019 मध्ये, सीबीएसवर ऑक्टोबर 2021 मध्ये. एका जोडप्याला जुना वाडा वारशाने मिळतो, आणि त्या जागेवर मेलेली सगळी भुतं तिथेच अडकलेली. इथे कोंडी आयती आहे, भुतांना हद्द ओलांडताच येत नाही. म्हणून ही मालिका नेणं सोपं, असं वाटेल. पण भुतं म्हणजे त्या जमिनीचा इतिहास. ब्रिटिश वाड्यात आदिमानव आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या वाड्यात त्याच्या जागी व्हायकिंग आला, आणि शेजारी लेनापे जमातीचा मूळ रहिवासी. लफड्यात मेलेला, विजार नसलेला हुजूर पक्षाचा खासदार तिथे वॉल स्ट्रीटवरचा, तसाच विजार नसलेला दलाल झाला. एका देशाचा निर्लज्जपणा सत्तेच्या बाकावर बसतो, दुसऱ्याचा पैशाच्या बाजारात. मानेत बाण घुसलेला स्काउटमास्तर तेवढा थेट गेला; त्याला दोन्हीकडे सारखीच किंमत आहे. आणि नवऱ्याचं पात्र उत्कर्ष आंबुडकर या भारतीय वंशाच्या नटाकडे आल्यावर त्याच्या घरच्यांचेही विषय कथेत आले. ही भर रूपांतरातून उगवते, नकलेतून नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. करारात काय मिळालंय? नुसती कल्पना, की संहिता जशाच्या तशा वापरायचा हक्क? मूळ लेखकाला प्रत्येक बदल मान्य करायचा अधिकार आहे का? चॅनेल जाहिरातींवर चालतं की वर्गणीवर? ‘शेमलेस’ मँचेस्टरच्या सरकारी वसाहतीतून शिकागोच्या साउथ साइडला गेली आणि 2011 ते 2021 अकरा सीझन चालली, यात ती शोटाइमसारख्या वर्गणीच्या चॅनेलवर होती याचा वाटा मोठा. ‘स्किन्स’ एमटीव्हीवर 2011 मध्ये आली, किशोरवयीन मुलांच्या दृश्यांवरून गदारोळ झाला, जाहिरातदार पळाले, आणि एका सीझनमध्ये खेळ संपला. लेखन कितीही सुधारलं असतं तरी ते जाहिरातदार परतले असते असं मला वाटत नाही. आणखी एक: मूळ मालिका प्रेक्षकाला आधीच पाहता येतेय का? ‘ब्रॉडचर्च’ बीबीसी अमेरिकावर दाखवून झाल्यावर फॉक्सने 2014 मध्ये ‘ग्रेसपॉइंट’ केली, तीही मुख्य भूमिकेत त्याच डेव्हिड टेनंटला घेऊन. रहस्यकथेत ज्यांना खुनी ठाऊक आहे त्यांना परत का बोलावता? एकच सीझन झाला.

(कुणी ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’, म्हणजे आपलं ‘कौन बनेगा करोडपती’, याचं उदाहरण पुढे केलं तर त्याला वेगळ्या खणात ठेवा. ब्रिटनमध्ये 1998, अमेरिकेत 1999, आपल्याकडे जुलै 2000 मध्ये अमिताभसह. पुढे मराठीतही आलं. संगीत, प्रकाश, खुर्च्या, नियम सगळीकडे तेच, फक्त प्रश्न गावचे. खेळ असाच नेता येतो. गोष्ट नाही.)

तुमच्या प्रकल्पाकडे येतो. मालिका कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पद्धतच सांगतो. प्रत्येक मुख्य पात्रावर अर्धं पान लिहा, त्यात देशाचं, शहराचं नाव येऊ देऊ नका: याला काय हवंय, हा निघून का जात नाही, हा कुणाला घाबरतो. मग अमेरिकेतली जागा शोधा, आणि ‘न्यूयॉर्क’ असं लिहून मोकळे होऊ नका. स्लावला स्क्रँटन सापडलं, कारण मोठ्या शहरापासून पुरेसं जवळ आणि पुरेसं दूर, ज्याच्या नावाला मुळीच झगमगाट नाही, असं गाव हवं होतं. त्या गावात नोकरी कोण देतं, घर कसं मिळतं, आजारी पडलं तर काय होतं, शाळेचा खर्च कुठून येतो, हे चार प्रश्न सोडवा. तुमच्या पात्राला जागेवर खिळवणारं कारण बहुधा यातल्याच एकात निघेल. विनोद, शिव्या, खाणंपिणं याला सगळ्यात शेवटी हात घाला. ते एका संध्याकाळचं काम आहे.

मग पहिला भाग लिहायचा मोह आवरा आणि सातवा लिहा. मूळ मालिकेत सहाच भाग आहेत, म्हणजे सातव्यासाठी तुमच्याकडे नक्कल करायला काहीच नाही. पात्रं, जागा आणि कोंडी यांच्यातूनच तो निघायला हवा. निघाला, तर मागे जाऊन पहिला भाग लिहा आणि मूळच्यातलं जे आता लागत नाही ते निर्धास्तपणे काढा. नाही निघाला, तर पुन्हा त्या अर्ध्या पानाकडे जा. बहुतेक वेळा ‘निघून का जात नाही’ याच्या पुढे तुम्ही घाईत काहीतरी गुळमुळीत लिहिलेलं असतं. सरांना सातव्या भागाचा दोन पानी आराखडा आणि पहिल्या भागाची पूर्ण संहिता, दोन्ही द्या. मूळ मालिकेचं नाव आणि ती अर्धी पानं इथे टाकलीत तर मी बघून सांगेन.